एका गावाचा एक अर्ज

प्रथम तारखा आणि जबाबदार व्यक्ती. नेमक्या तारखा माझ्या फायलीत पोचपावत्यांसह आहेत आणि मागणाऱ्याला मी त्या दाखवीन. येथे मात्र त्या आमच्या घरात ज्या नावांनी ओळखल्या गेल्या, त्याच नावांनी नोंदवतो. अक्षय तृतीयेनंतरच्या सोमवारी अल्लीपूरच्या ग्रामस्थांचे निवेदन दूरध्वनीच्या जिल्हा कार्यालयात दाखल झाले. पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात त्याच कार्यालयाने भरवलेल्या टेलिफोन अदालतीत ते निकाली काढण्यात आले. दसरा उलटल्यावर माझी मोठी बहीण वंदना आमच्या घरातून गेली. प्रतिवादी क्रमांक एक, तेव्हाचे त्या कार्यालयाचे प्रमुख, ज्यांनी निवेदन हसून स्वीकारले आणि वाचले नाही. क्रमांक दोन, अदालतीच्या खुर्चीवर बसलेले अधिकारी, ज्यांनी ते वाचले आणि मोजले नाही. क्रमांक तीन, अल्लीपूरमधील ते सर्व प्रतिष्ठित, ज्यांनी गर्दीत सही केली आणि एकेकट्याने नाकारली. क्रमांक चार, माझे मामा. ते मयत असल्यामुळे त्यांच्यापुरता दावा संपुष्टात येतो, असे कायदा म्हणतो. मी तसे म्हणत नाही.

आमचे घर अल्लीपूरच्या बसथांब्यापासून जवळ, आमच्या वस्तीतले पहिले स्लॅबचे घर. बाबा शाळामास्तर होते आणि निवृत्तीच्या पैशातून त्यांनी पुढची एक मोठी खोली काढली, ती माझ्या वकिलीच्या कचेरीसाठी. वकिली सुरू होण्याआधीच दूरध्वनी खात्याचे लोक जागा शोधत आले. गावात पक्की, कोरडी, रस्त्यालगतची खोली ती एकच होती. बाबांनी करारावर सही केली आणि टेलिफोन एक्स्चेंज आमच्या घरात राहायला आले. ज्यांनी आमच्या अंगणात कधी पाय ठेवला नव्हता, ते फोन बंद पडला की आमच्या ओट्यावर येऊन बसू लागले आणि आईच्या हातचे पाणी पिऊ लागले. बाबांना त्याचे फार समाधान होते. त्या समाधानापोटी आम्ही चौघे मागच्या दोन खोल्यांत कसे दाटीने राहतो, याकडे त्यांनी कधी पाहिले नाही.

एक्स्चेंजच्या खोलीला कुलूप असे आणि किल्ली लाइनमन गजूभाऊंकडे. भिंतीपलीकडून अहोरात्र एक घुंघुं येई, मधूनच टकटक, जणू कोणी सुपारी कातरत बसले आहे. बॅटऱ्यांचा आंबूस वास वरणाच्या फोडणीतही उतरे. आमच्याकडच्या उन्हाळ्यात, जेव्हा पाखरेही सावली सोडत नाहीत, तेव्हा त्या यंत्रासाठी खिडकीत थंड हवेची मशीन चालू असे आणि तिची गरम वाफ आमच्या अंगणात फेकली जाई. आईने त्यातूनही सोय काढली. ती कुरड्यांची खाट त्या वाफेपुढे ठेवी आणि म्हणे, "सरकारी हवेनं दुपारपर्यंत वाळते." लोडशेडिंग झाले की खोलीमागचे जनित्र धडधडे, यंत्राचे दिवे पेटत आणि आम्ही त्याच भिंतीला टेकून अंधारात अंबाडीची भाजी आणि भाकर खात असू. कराराप्रमाणे ती वीज यंत्राची होती. आजही मला जेवताना कोणतेही यंत्र चालू असलेले सहन होत नाही. मुले हसतात, हसोत.

ताई लग्नानंतर दोन वर्षांनी परत आली. भांडण, मारहाण असे सांगण्यासारखे काही नव्हते, असे मामा म्हणत, आणि म्हणून ती परत आल्याचे कारण कोणालाच पटत नव्हते. तिने मला एकदाच सांगितले. सासरी फोन होता आणि त्याच्या डायलला छोटे कुलूप होते. किल्ली सासूच्या कमरेला. "दिल्या, मी रोज त्या फोनवरची धूळ पुसो," ती म्हणाली, "आठवड्यातून एक खेप त्यायच्या समोर उभं राहून बोलाले भेटे." ती बी.कॉम. होती, लग्नाआधी वर्ध्याला संगणकाचा वर्ग केलेला होता. परत आल्यावर तिने अंगावरचे दागिने मोडून जुना संगणक घेतला आणि मागच्या खोलीत, एक्स्चेंजच्या भिंतीला लावून, टेबलावर मांडला. तिला गावात इंटरनेट केंद्र काढायचे होते. मुलांचे निकाल, नोकरीचे अर्ज, व्यापाऱ्यांना कापसाचे भाव, बियाण्यांच्या मागण्या. तिची कल्पना साधी होती. आपल्या हाताने कमावून आपल्याच गावात राहायचे.

मामा हेडमास्तर होते आणि आमच्या घरात त्यांचा शब्द बाबांच्या शब्दापेक्षा जड होता. सासरच्यांशी बोलणी करून त्यांनी मुदत ठरवून आणली. दसऱ्यापर्यंत केंद्र चालले आणि पोट भरू लागले तर ताईने राहावे, नाहीतर नांदायला जावे, कारण त्यानंतर ते लोक दुसरी मुलगी पाहणार. बाबांच्या पेन्शनीत माझे शिक्षण आणि त्यांची औषधे भागत होती, तिसरे काही भागत नव्हते. ताईने मुदत मान्य केली. तिला वाटले, दसरा लांब आहे.

पहिल्यांदा जोडणी केली तेव्हा मोडेममधून किंचाळी उठली आणि आई स्वयंपाकघरातून धावत आली. "कोंबडं कापून राह्यली काय व घरात?"

गजूभाऊ दारात उभे होते. ते म्हणाले, "वंदाताई, एक्स्चेंज त तुमच्या कानालेच लागून हाये. भिंतीले भोक पाडा, फुकटात चालन."

"भोक पाडाचा अर्ज कोणाकडं कराचा, गजूभाऊ?" ताईने विचारले.

"थो बी वर्ध्यालेच," गजूभाऊ म्हणाले.

विनोद म्हणून ते बोलले, पण अडचण नेमकी तीच होती. इंटरनेटला जोडून देणारा नंबर वर्ध्याचा. अल्लीपूर हिंगणघाट तालुक्यात. खात्याच्या नकाशावर या दोहोंच्या मधून एक रेघ गेलेली, आणि त्या रेघेमुळे आमच्या घरातून त्या नंबरला लागणारे प्रत्येक मिनिट बाहेरगावच्या दराने मोजले जाई. मी तेव्हा वर्ध्याला कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होतो, सिंदी मेघेत खोली करून राहत होतो आणि शनिवारी घरी येत होतो. सिंदी मेघेत, पिपरी मेघेत पोट्टे चहाच्या पैशात तासभर संगणकापुढे बसत. अल्लीपूरला तोच तास शेतात निंदण करणाऱ्या बाईच्या दिवसभराच्या मजुरीतही बसत नसे. पहिले बिल आले तेव्हा बाबांनी ते दोनदा वाचले आणि उशीखाली ठेवले. ताईने फलक रंगवून घेतला होता, तो तिने बाहेर लावला नाही.

उपाय मीच शोधून आणला. जिल्हा कार्यालयाच्या सूचनाफलकावर एक परिपत्रक होते. ज्या ग्रामीण एक्स्चेंजमधून पुरेशी मागणी नोंदली जाईल, तेथे स्थानिक दराने इंटरनेट देण्याचा विचार होईल. किती म्हणजे पुरेशी, हे त्यात होते. आमच्या गावात फोनधारक त्याहून बरेच अधिक होते. मी ते उतरून घेतले आणि शनिवारी सरपंचांच्या घरी गेलो.

येथे आमच्या गावाची रीत सांगणे भाग आहे. अल्लीपूरला सरकारकडून काही मागायचे तर एक कागद आणि एक गाव. एसटीचा थांबा असाच मिळाला होता, दवाखान्यातली नर्स अशीच. ग्रामपंचायतीच्या पटांगणात सभा होई, मजकूर मोठ्याने वाचला जाई, मग सह्या आणि अंगठे, आणि शेवटी पाच प्रतिष्ठित जीपमधून जाऊन साहेबांच्या हाती कागद देत व फोटो काढत. वेगवेगळे अर्ज करणारे गाव म्हणजे फुटलेले गाव. शेजारच्या एका गावाने नळासाठी तसे केले होते, त्यांची आम्ही वर्षानुवर्षे टिंगल केली. त्यामुळे वेगळा विचार कोणाच्या मनातही आला नाही. मजकूर मी लिहिला. तो कायदेशीर होता आणि चांगला होता, हे मी आजही प्रतिज्ञेवर सांगेन.

सभेला पटांगण भरले. कृषी केंद्राचे किसनसेठ सर्वांत पुढे. ताई आईबरोबर बायकांत बसली होती. सह्या सुरू झाल्यावर ती उठून टेबलापाशी आली, तेव्हा सरपंचांनी कागदावर हात ठेवला.

"वंदे, तुहं मतदानाचं नाव तिकडच्या यादीत हाये, सासरी. तू राहू दे."

"केंद्र त माह्यं हाये, काका."

"म्हणूनच त सारं गाव सही करून राह्यलं. तुह्या एकटीच्या सहीनं काय होते?"

लोक कौतुकाने हसले. ताईही हसली आणि जाग्यावर गेली. मी हातात शाईचे पॅड घेऊन उभा होतो.

निवेदन दिले गेले, फोटो निघाला, वर्तमानपत्राच्या जिल्हा पुरवणीत तो छापून आला. आई त्या दिवशी रोडगे आणि वांग्याची भाजी करायला बसली. गोवऱ्यांच्या राखेतले रोडगे फोडून त्यावर तूप घालताना ती म्हणाली, "आता लावून टाक तुही पाटी." ताईने फलक लावला. पाऊस लागला, शाळा सुरू झाल्या, मुले येऊन विचारून जाऊ लागली, "ताई, नेट आलं का?" ताई त्यांना टायपिंग शिकवी, अर्ज हाताने भरून देई, बारावीचा निकाल मला वर्ध्याला फोन करून विचारी आणि मुलांना सांगे. तेवढ्यावर पोट भरत नव्हते. प्रत्येक शनिवारी मी बसमधून उतरलो की ती दारात असे आणि मी नकारार्थी मान हलवत असे. कार्यालयात विचारले की उत्तर एकच मिळे, विचाराधीन आहे.

मग टेलिफोन अदालतीची जाहिरात आली. ग्राहकांच्या तक्रारींचा जागेवर निकाल. मी आमच्या निवेदनाची प्रत घेऊन गेलो आणि ताईला सोबत नेले, कारण मला वाटत होते की जिचे प्रकरण तिने निकाल ऐकावा. सभागृहात पंखे, वर तोरण, मंचावर तीन अधिकारी. ताई मागच्या बाकावर बसली. आमचा क्रमांक पुकारला गेला तेव्हा मधल्या अधिकाऱ्यांनी फाईल उघडली.

"अल्लीपूर. तुमच्या एक्स्चेंजमधून नोंदलेली मागणी एक."

मी म्हणालो, "साहेब, त्यावर अख्ख्या गावाच्या सह्या आहेत."

"सह्या आहेत. अर्ज एक आहे. अर्जदार सरपंच. बाकीचे फार तर साक्षीदार."

मी दिवाणी प्रक्रिया संहितेचा आधार दिला. आदेश एक, नियम आठ. समान हितसंबंध असलेल्या अनेकांच्या वतीने एकाला दावा लावता येतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"हे कोर्ट नाही, मिस्टर."

"मग बाहेर अदालत अशी पाटी का लावली आहे?"

सभागृहात हशा पिकला. मला वाटले मी जिंकलो. अधिकाऱ्यांनीही स्मित केले आणि विचारले, "तुमच्या नावाने फोन आहे?"

"वडिलांच्या."

"मग केंद्र कोणाचे?"

मी मागे वळून दाखवले. ताई उभी राहिली.

"त्यांच्या नावाने फोन आहे?"

"नाही."

"मग त्या ग्राहक नाहीत. बसा बाई." त्यांनी फाईल मिटली. "प्रत्येक फोनधारकाने वैयक्तिक छापील अर्ज करावा. प्रकरण निकाली."

बसमध्ये ताई खिडकीशी बसली होती. मी कलमे सांगत होतो, अपील कोणाकडे होते ते सांगत होतो. देवळी रस्त्याचा फाटा मागे पडल्यावर ती म्हणाली, "अर्ज आणले ना तू? मंग झालं. उद्या घरोघरी जाऊ."

आम्ही गेलो. जे त्या आठवड्यात घडले ते मला त्या अधिकाऱ्यापेक्षाही अधिक जाळते. ज्यांनी पटांगणात धक्काबुक्की करून सही केली होती, ते आता कागद उलटसुलट करून पाहत. किसनसेठने आम्हाला गादीवर बसवले, चिवडा आणि चहा मागवला.

"सगळ्याईत सही करणं वेगळं, वकील, अन् एकट्यानं करणं वेगळं," ते म्हणाले. "सगळ्याईत केली त मले कोण पुसते? एकट्यानं केली त उद्या नोटीस माह्या नावानं येते."

"कसली नोटीस, शेठ? हा मागणीचा अर्ज आहे," मी म्हणालो.

"आज मागणीचा हाये. उद्या म्हणन, तू मागतलं होतं ना, आता भर."

"पण तुम्हाला नेट पाहिजे होतं ना?"

"पाह्यजेच ना. वंदीचं नेट आलं की मी रोज भाव पाहाले येतो. खुर्ची राखून ठेवजो म्हणा तिले."

ताई चहाची कपबशी खाली ठेवून उठली. अशीच घरे मागून घरे. शाळेतल्या बाईंना हवे होते, पण फोन यजमानांच्या नावाने आणि यजमान गावाला. सरपंच म्हणाले, आधी गावाचे एक निवेदन गेले आहे, आता मी वेगळा अर्ज केला तर गावात काय म्हणतील. काहींनी केले, नाही असे नाही. गजूभाऊंच्या चुलतभावाने केला, शिंप्याने केला, बाबांनी केला. जितके हवे होते तितके झाले नाहीत. शेवटच्या संध्याकाळी ताई अंगणात पाय धूत होती, यंत्राची गरम वाफ तिच्या पदराला लागत होती. ती म्हणाली, "गाव माह्या संगं हाये, दिल्या. यातला माणूस एकही नाई."

दसऱ्याला नागपूरहून परतताना मामा दरवर्षी आमच्याकडे उतरत. त्या वर्षीही पांढऱ्या कपड्यांत आले, आधी तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, मग त्रिशरण-पंचशील म्हटले, मग जेवायला बसले. आईने गोळाभात केला होता. मामांनी तो कालवला आणि मान वर न करता विचारले, "वंदे, कसं काय चालू हाये तुहं?"

ताईने त्यांच्या ताटात तेलाची धार सोडली.

"मी त्यायले जबान देऊन आलो," मामा म्हणाले.

"तुमाले जबान द्याले माह्यं तोंड लागलं काय, मामा?"

मी मध्ये पडलो. पत्नीला तिच्या इच्छेविरुद्ध कोणी ओढून नेऊ शकत नाही, स्वतंत्र राहणाऱ्या पत्नीलाही पोटगीचा हक्क आहे, मी कलमे क्रमांकासह सांगितली. मामांनी घास गिळला, पाणी प्याले आणि म्हणाले, "चांगलं शिकला बाप्पा. आता कलमाची भाजी कर अन् खाऊ घाल तिले. हाये काई तुह्याजोळ?"

माझ्याजवळ नव्हते. परीक्षा व्हायची होती, सनद मिळायची होती. भिंतीपलीकडे घुंघुं चालू होती आणि कोणीतरी कोणाशी तरी बोलत होते, आमच्याच घरातून जाणाऱ्या तारेवरून.

ताईला कोणी ओढून नेले नाही. हे मुद्दाम नोंदवतो, कारण प्रतिवादी हाच बचाव घेतील. मामांची जीप दारात आली तेव्हा ती तयार होती. तिने संगणकावर आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घातला, फलक स्वतः काढून कोठीत उभा केला. आईने सांडग्यांची पिशवी दिली. ताईने बाबांचे पाय धरले, मला म्हणाली, "परीक्षा देजो नीट," आणि पुढे बसली. गजूभाऊ एक्स्चेंजच्या दारात किल्ली घेऊन उभे होते, त्यांनी किल्ली खिशात घातली आणि हात जोडले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गजूभाऊ सकाळी सकाळी आले. "वकील, लावून पाह्यजो बरं. आता लोकल लागून राह्यलं म्हणते."

"कोणी अर्ज केला होता?"

"कोणी नाई. वरून आलं. साऱ्याच गावाईले."

मी लुगड्याचा तुकडा बाजूला केला आणि नंबर लावला. किंचाळी उठली, थांबली, जोडणी झाली. आई स्वयंपाकघरातून या वेळी बाहेर आली नाही. किसनसेठ महिन्याभरात भाव पाहायला एका नव्या केंद्रात जाऊ लागले, ते बसथांब्यावर दुसऱ्या कोणी काढले होते आणि चांगले चालले.

मी पत्रे लिहिली. माहितीचा अधिकार आला तेव्हा त्याखाली पहिल्याच महिन्यात अर्ज केला. उत्तर आले, "संबंधित अभिलेख मुदतीनंतर नष्ट करण्यात आला आहे." अपिलात तेच. एका अधिकाऱ्याने आपुलकीने फोन करून विचारले, साहेब, आता घरोघरी मोबाइल आहे, तुमची तक्रार काय शिल्लक आहे? माझी बहीण आता आजी आहे. तिच्या हातात दिवसभर फोन असतो, ती मला वरणाचे, नातवाचे फोटो पाठवते. या प्रकरणाबद्दल लिहितो आहे असे कळल्यावर तिने एवढेच लिहिले, "सोड ना रे." मी सोडत नाही. तिला सोडावे लागले, म्हणूनच मी सोडत नाही.

जो आकडा पुढे कोणाकडूनही मागितला गेला नाही, ज्याच्याशिवाय साऱ्या खेड्यांचे काम एका आदेशाने झाले, तो आकडा त्या वर्षी आमच्याकडून कोणत्या गरजेपोटी मागितला? सह्या करणारे गाव एक कसे झाले, आणि मागच्या बाकावर उभी राहिलेली बाई शून्य कशी झाली? त्या खुर्चीवर तेव्हा बसलेल्याने, तो हयात नसेल तर आज बसलेल्याने, अल्लीपूरच्या ग्रामसभेत उभे राहून, ध्वनिक्षेपकावर, आपल्या नावानिशी याचे उत्तर द्यावे. बंद पाकिटातले उत्तर स्वीकारले जाणार नाही.